इंद्रवेल्लीचा बाजार आणि सरकारी तराजू

आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रवेल्ली हे गाव लागते. भोवताली डोंगर, मधल्या खोलगट भागांत कापसाची काळी जमीन आणि दूरवर विखुरलेल्या राजगोंड व कोलाम लोकांच्या वाड्या. सोमवार हा येथील आठवड्याच्या बाजाराचा दिवस होय. या बाजारात गोंडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी या चारही भाषा कानांवर पडतात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. ते मराठी मुलखाला जोडले गेले, तरी सीमेच्या दोन्ही अंगांचा आदिवासी एकच राहिला आणि त्याची बाजाराची रीतही एकच राहिली.

व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा मोठ्या बंदरांकडे आणि पेढ्यांकडे वळते. डोंगरातील आठवडी बाजार त्यांच्या नजरेस क्वचितच पडतो. तथापि शेकडो दुकानांची साखळी उभारून, एकच भाव आणि एकच वजन यांच्या बळावर जुन्या व्यापाऱ्याला हटविण्याचा जो मोठा प्रयत्न स्वातंत्र्योत्तर काळात सरकारने केला, तो अशाच बाजारांतून झाला. त्या प्रयत्नाला कोठे यश आले आणि कोठे त्याचे हात लुळे पडले, हे पाहणे दुकानदारीच्या शास्त्राला जितके उपयुक्त, तितकेच लोककल्याणाच्या विचारालाही आवश्यक आहे.

प्रथम जुन्या व्यापाऱ्याची पद्धत समजून घेतली पाहिजे. शहरातील दुकानदाराचे गिऱ्हाईक त्याच्याकडून माल विकत घेते आणि निघून जाते. डोंगरातील व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक त्याला माल विकतही असते. सकाळी जो गोंड शेतकरी ज्वारी, कापूस, मोहाची फुले, चारोळी किंवा डिंक घेऊन बाजारात उतरतो, तोच दुपारी मीठ, मिरची, तेल आणि लुगडे घेऊन परततो. व्यापारी एकच, तराजू मात्र दोन वेळा उचलला जातो. घेताना माप मोठे आणि देताना लहान, असा प्रकार जेथे चालतो तेथे नफा दोन्ही टोकांना होतो. निरक्षर माणसापाशी पायलीचा हिशेब पडताळून पाहण्याचे कोणतेच साधन नव्हते.

परंतु माप हा या व्यापाराचा वरवरचा भाग होता. त्याची खरी मुळी उधारीत होती. डोंगरातील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सुगीच्या सुमारास. पोट मात्र बारा महिने असते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत कणगी रिकामी होते. त्याच वेळी बी हवे असते, बैलाची जोडी पुरी करावयाची असते, आणि घरात आजारपण आले तर औषधालाही पैसा लागतो. या वेळी व्यापारी धान्य देतो, बी देतो, रोख रक्कमही देतो. लिखापढीचा खोळंबा नाही की जामिनाची विचारणा नाही. मोबदला एकच: पीक आले की ते त्याच्याच दारी आणावयाचे आणि त्याने सांगितलेल्या भावाने घालावयाचे. अशा रीतीने पिकाचा भाव पीक उगवण्यापूर्वीच ठरून जात असे. पुढे हीच उधारी फिटली नाही म्हणजे जमीन हातची जाई.

1929 साली काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग पुरा झाला आणि आदिलाबाद जिल्ह्याचा पूर्व भाग दिल्ली–मद्रास मार्गाला जोडला गेला. पुढे रस्तेही वाढले. त्यांवरून व्यापारी आले, कसणारे आले आणि जमिनीला किंमत आली. वनखात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखून जुनी शेते बंद केली. या कोंडीतूनच कुमरम भीम यांचे बंड उभे राहिले आणि 1940 साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. या घटनेनंतर हैदराबाद सरकारला जाग आली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1941 पासून या भागात राहून गोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला आणि पुढे सरकारचे सल्लागार या नात्याने जमिनीचे पट्टे देण्यावर व मारलवाई येथील शिक्षणकेंद्रावर भर दिला. महाराष्ट्राला इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळात या जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी भाषा आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले. ज्याची भाषा कळत नाही त्याचा न्याय करता येत नाही, ही साधी गोष्ट या कामामागे होती.

त्याच दशकात हैदराबाद संस्थानात धान्यपेढ्यांचा प्रयोग झाला. कल्पना अगदी सोपी होती. सुगीच्या वेळी प्रत्येकाने काही धान्य एका सामाईक कोठारात भरावयाचे, टंचाईच्या दिवसांत ते उसने न्यावयाचे आणि पुढच्या सुगीला थोड्या वाढीसह परत करावयाचे. दुकानाची पाटी नाही, मालाची जाहिरात नाही, तरी व्यापाऱ्याच्या सत्तेच्या नेमक्या मुळावर या योजनेचा घाव होता. रिकाम्या कणगीच्या दिवसांत दुसरे एक दार उघडे राहावे, एवढाच तिचा हेतू होता. पुढील कथा समजण्यासाठी हा प्रयोग ध्यानात ठेवला पाहिजे.

1956 हे वर्ष अनेक अर्थांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी राज्यांच्या सीमा बदलल्या. वजनमापांच्या एकसूत्रीकरणाचा कायदाही त्याच वर्षी झाला आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने शेर आणि मण यांच्या जागी किलोग्रॅम आला. त्याच वर्षी विशाखापट्टणम येथे एक सहकारी महामंडळ स्थापन झाले. पुढे ते गिरिजन सहकारी महामंडळ या नावाने प्रसिद्धीस आले. आरंभी पूर्व घाटातील डोंगराळ प्रदेश हे त्याचे क्षेत्र होते. कालांतराने त्याचा विस्तार तेलंगणात झाला आणि उटनूर हा त्याचा एक विभाग बनला.

या महामंडळाची रचना तीन पायऱ्यांची होती. माथ्यावर मध्यवर्ती कार्यालय. त्याखाली प्राथमिक सहकारी विक्री संस्था. आणि सर्वांत खाली, वाड्यावस्त्यांच्या जवळ, नित्य गरजेच्या वस्तूंची दुकाने. या दुकानातून मीठ, तेल, धान्य, कापड अशा वस्तू ठरावीक भावाने मिळावयाच्या, आणि आदिवासीने आणलेला गौण वनोपज, म्हणजे चिंच, हिरडा, मध, डिंक, मोहाची फुले व बिया, तेथेच ठरावीक भावाने घ्यावयाचा, अशी व्यवस्था होती. म्हणजे जुन्या व्यापाऱ्याने जे दोन तराजू एका छपराखाली ठेवले होते, तेच महामंडळानेही ठेवले. फरक एवढाच की दोन्ही तराजूंत वजन एक असावे.

व्यापारी धोरण म्हणून पाहिल्यास ही योजना मोठी शहाणपणाची होती. एकत्र खरेदीमुळे घाऊक भाव मिळतो. निरनिराळ्या बाजारांतून गोळा झालेला माल एका ठिकाणी निवडून, प्रतवारी करून विकला की मोठा खरेदीदार दारी येतो. कांडोळाच्या झाडाचा डिंक हे त्याचे चांगले उदाहरण होय. औषधे आणि खाद्यपदार्थ यांसाठी परदेशात मागणी असलेला हा डिंक झाडाला इजा न करता काढला, माती-साल वेगळी करून त्याची प्रत लावली, तर त्याच डिंकाचे मोल कितीतरी वाढते. एकट्या आदिवासीला हे साधणे शक्य नव्हते. संस्थेला ते शक्य झाले. ‘गिरिजन’ या नावाने बाटलीबंद केलेला मध शहरांतील घरांत पोहोचला, आणि त्या नावाने शुद्धतेची हमी मिळते अशी गिऱ्हाइकाची समजूत झाली. विक्रीकलेत नावाला जे मोल असते ते हेच.

कायद्याचा टेकूही या दुकानांना मिळाला. आदिवासी क्षेत्रातील जमिनीचे हस्तांतर रोखणारे 1959 चे नियमन 1963 साली तेलंगणात लागू झाले आणि 1970 साली ते अधिक कडक करण्यात आले. 1960 साली सावकारीवर निर्बंध घालणारे नियमन झाले. 1979 साली गौण वनोपजाच्या व्यापाराचे नियमन होऊन त्याच्या खरेदीचा मक्ता महामंडळाकडे आला. कागदावर पाहता खासगी व्यापाऱ्याच्या हाती काहीच उरावयास नको होते.

प्रत्यक्षात मात्र बाजार त्याच्याच हाती राहिला. याची दोन कारणे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले कारण मालाचे. विशाखापट्टणमच्या डोंगरातील आदिवासीच्या मिळकतीत वनोपजाचा वाटा मोठा. त्यामुळे वनोपजावर उभारलेली साखळी तेथे त्याच्या जीवनाच्या मध्याशी भिडली. आदिलाबादचा राजगोंड हा मुळात नांगरधारी शेतकरी. त्याचे रोख पीक कापूस. मोह आणि चारोळी त्याच्या संसाराला हातभार लावतात. त्याचे कर्ज फिटते ते कापसावर. देशात कापूस महामंडळ 1970 साली स्थापन झाले, परंतु डोंगरातील लहान शेतकऱ्याला कापूस त्याच्या खरेदीकेंद्रापर्यंत नेणे आणि पैसे हाती येईपर्यंत थांबणे कठीण होते. एका मुलखासाठी आखलेली योजना दुसऱ्या मुलखात जशीच्या तशी नेली, तर तिचे दुकान उघडते खरे. पण मुख्य व्यवहार त्याच्या दारावरून पुढे निघून जातो.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते उधारीचे आहे. सहकारी दुकानांची आद्य परंपरा इंग्लंडातील रॉचडेल या गावची मानली जाते. 1844 सालच्या डिसेंबरात तेथील 28 श्रमिकांनी, त्यांत बरेच विणकर होते, लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या एवढ्या मालावर दुकान उघडले. भेसळ नाही, मापात खोट नाही, आणि उधारी नाही, हे त्यांचे नियम होते. उधारी नको, हा नियम त्यांनी मोठ्या विचाराने केला होता. कारण उधारीने अनेक दुकाने बुडाल्याचे त्यांनी पाहिले होते. मुंबईत नायगाव येथे 1948 साली कामगारांच्या सहकारातून उभा राहिलेला ‘अपना बाजार’ याच कुळातला. गिरणी कामगारांच्या वस्तीत रोखीचे दुकान रुजले, कारण पगाराचा दिवस ठरलेला होता.

रॉचडेलच्या कामगाराला आठवड्याला मजुरी मिळे. मुंबईच्या कामगाराला महिन्याला पगार मिळे. इंद्रवेल्लीच्या शेतकऱ्याला वर्षाकाठी एकदा पैसा मिळे. मजुरीवर जगणाऱ्यांसाठी घडविलेला नियम सुगीवर जगणाऱ्यांना लावला गेला, आणि तेथेच साखळीचा दुवा तुटला. सरकारी दुकानातील मीठ स्वस्त होते, वजन खरे होते; पण आषाढात खिशात दमडी नसताना त्या स्वस्ताईचा उपयोग काय? शेतकरी व्यापाऱ्याकडेच गेला. एकदा त्याच्याकडून उधार घेतल्यावर सुगीचा माल सरकारी दुकानात नेण्याची मुभा त्याला राहिली नाही. सरकारी दुकान नोकराच्या हाती होते. त्याला हिशेब वर द्यावयाचा होता. उधार देण्याचा अधिकार नव्हता आणि दिलेले बुडाले तर भरपाई त्याच्याच अंगावर येणार. व्यापारी मात्र प्रत्येक घराचे बैल, शेत आणि पीक ओळखून होता. जी माहिती साखळीच्या वहीत नव्हती ती त्याच्या डोक्यात होती.

सीमेच्या अलीकडे महाराष्ट्रातही हाच प्रश्न उभा होता. 1972 साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय नाशिक येथे आहे. 1976 च्या कायद्याने आदिवासींचा शेतमाल व वनोपज खरेदी करण्याची एकाधिकार योजना आली. पण येथील कर्त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाला पोटापुरते कर्ज, काही धान्याच्या आणि वस्तूंच्या रूपाने व काही रोखीने, देणारी खावटी योजना 1978 साली सुरू झाली. ‘खावटी’ हा शब्दच मोठा बोलका आहे. व्यापाराच्या साखळीत हरवलेला दुवा कोणता, हे त्या एका शब्दाने दाखविले. तथापि ही योजनाही सुखाने चालली नाही. वसुली थकली, कर्जे माफ करावी लागली, आणि काही वर्षे ती बंद पडली. 2020 साली, साथीच्या संकटात, तिला अनुदानाचे रूप देऊन कुटुंबामागे 4000 रुपये देण्याचे ठरले. त्यांत निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू होत्या. कर्ज म्हणून जे टिकले नाही ते साहाय्य म्हणून परत आले. परंतु साहाय्य हे दरवर्षीचे भरवशाचे दार नव्हे.

इंद्रवेल्लीच्या बाजाराने या अपुऱ्या व्यवस्थेचा दारुण शेवटही पाहिला. 20 एप्रिल 1981 हा दिवस सोमवार होता. जमिनीचे पट्टे मिळावेत, गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात आणि सावकारी पिळवणूक थांबावी, या मागण्यांसाठी गिरिजन रयतु कुली संघमने सभा बोलाविली होती. सभेस परवानगी नाकारण्यात आली. लोक मात्र डोंगराडोंगरांतून उतरून आले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार 13 माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा याहून कितीतरी मोठा होता असे नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी आणि स्थानिक लोकांनी सातत्याने सांगितले आहे. त्या मृतांचा स्मृतिस्तंभ आज गावाजवळ उभा आहे. पाव शतक दुकाने चालवूनही जो असंतोष विझला नाही, त्याचे मोजमाप किलोग्रॅमात होण्यासारखे नव्हते.

यानंतरच्या काळात दोन बदल घडले. 1983 साली आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना सुरू झाली, आणि महामंडळाची दुकाने आदिवासी भागात स्वस्त धान्याचीही दुकाने बनली. टंचाईच्या महिन्यांत घरात धान्य असणे म्हणजे सावकाराच्या दारी जाण्याचे एक कारण कमी होणे. धान्यपेढीच्या जुन्या कल्पनेचेच हे एक नवे रूप होते असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा बदल दिशेचा होता. 1987 साली केंद्र सरकारने आदिवासींच्या मालाच्या विक्रीसाठी ‘ट्रायफेड’ ही राष्ट्रीय सहकारी संस्था स्थापन केली. तिने 1999 साली नवी दिल्लीत ‘ट्राइब्स इंडिया’ या नावाचे पहिले दालन उघडले, आणि पुढे देशभर शंभराहून अधिक दालनांची साखळी उभी राहिली. जुनी साखळी शहरातील मीठ आणि कापड डोंगरात नेत होती. नवी साखळी डोंगरातील मध, विणकाम, धातुकाम आणि चित्रे शहरात आणू लागली. तिचे गिऱ्हाईक आता शहरातील मध्यमवर्ग होता. त्याला वस्तूबरोबर तिची कथा हवी असते, आणि त्या कथेचेही तो मोल देतो. आदिलाबादच्या ओझा कारागिरांच्या ओतीव पितळी मूर्तींना, म्हणजे डोक्रा कामाला, 2018 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोही याच वाटेवरचा टप्पा होय. 2013-14 पासून गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत आणि 2018 पासून वनधन केंद्रे, असे आधारही त्याला जोडले गेले. 2014 साली तेलंगण राज्य वेगळे झाल्यावर गिरिजन महामंडळाचीही वाटणी झाली आणि उटनूर विभाग हैदराबादच्या कारभारात आला.

शहरातील झगमगते दालन पाहून जुन्या धड्याचा विसर पडण्याचा धोका आहे. दालनात वस्तू किती किमतीला विकली गेली, हा अर्धा हिशेब आहे. ती वस्तू कारागिराकडून केव्हा घेतली आणि पैसे त्याच्या हाती केव्हा पडले, हा उरलेला अर्धा. माल विकला गेल्यावर पैसे देऊ, असे मोठी साखळी सहज म्हणू शकते. कारण तिला थांबता येते. ज्याच्या घरी आज पीठ नाही त्याला थांबता येत नाही. अशा वेळी वाटेत उभा असलेला दलाल निम्म्या किमतीत वस्तू उचलतो, आणि साखळीचा सन्मान्य भाव कागदावरच राहतो.

इंद्रवेल्लीपासून जवळच केसलापूर येथे पौष अमावास्येला मेश्राम कुळाच्या नागोबाची यात्रा भरते. हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात तेथे दरबाराची प्रथा पाडली. अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा आदिवासींच्या दारी येऊन त्यांचे म्हणणे ऐकावे, हा त्यामागील उद्देश. दुकानदारीच्या दृष्टीनेही ही प्रथा विचार करावयास लावणारी आहे. कोणत्याही साखळीला आपल्या गिऱ्हाइकाची गरज हिशेबाच्या वहीतून पूर्ण कळत नाही. ती त्याच्याच तोंडून आणि त्याच्याच भाषेत ऐकावी लागते.

साठ-सत्तर वर्षांच्या या प्रयोगाने तराजू सरळ केला, आणि ही कामगिरी लहान मानता येणार नाही. ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दोन मापांनी मोजले गेले, त्याला एक माप मिळाले. त्याच्या मालाला नाव मिळाले आणि दूरची पेठ मिळाली. परंतु व्यापाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या तराजूत फार थोडे होते. ते त्याच्या उघड्या दारात होते. आषाढातील अंधाऱ्या संध्याकाळी, हाती काही नसताना, ज्या दारातून रिकाम्या हाताने परतावे लागत नाही, त्याच दारी सुगीची गाडी जाऊन उभी राहते. डोंगरातील प्रत्येक नव्या दुकानाची परीक्षा याच दाराशी होणार आहे.